आधी अळणी, मग तांबडा

काही दिवसांपूर्वी कोल्हापूरजवळच्या एका गावात जावळाच्या जेवणाला गेले होते. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या नातवाचं जावळ. दारात मांडव, मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलींवर भलीमोठी पातेली, एकात तांबडा, एकात पांढरा. भाकऱ्यांच्या चळती लागलेल्या. दीडेकशे माणूस जेवून उठलं आणि जो तो मिशीवरून हात फिरवत म्हणत होता, "रस्सा झ्याक झालाय!"

आणि ज्याच्या नावानं हा सगळा थाट चालला होता तो अकरा महिन्यांचा उत्सवमूर्ती? तो आतल्या खोलीत आत्याच्या मांडीवर बसून चहात बुडवलेलं बिस्कीट चोखत होता.

मी विचारलं, "बाळाला काय जेवायला घातलं?"

"सकाळी डाळीचं पाणी दिलंय की. आता बिस्कीट खातंय."

"आणि मटण?"

आत्या खुदकन हसली. "अवो ताई, दात कुठं आल्यात त्याला! आन् तिखाट हाय ते."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. रस्सा तिखट होताच, आमच्या डोळ्यांतून पाणी काढत होता. पण तासाभरापूर्वी याच पातेल्यात तिखटाचा कणही नव्हता. तेव्हा त्यात नुसतं हळदीचं पिवळसर अळणी रटरटत होतं. घरातली पाच-सहा मोठी पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती उभी राहिली होती आणि फुंकर मारत ते प्यायलीही होती. बाळाची वाटी तेवढी कुणाच्या लक्षात आली नाही.

बाळाची आई शेवटच्या पंगतीला बसली. तिच्या ताटात रस्सा भरपूर होता, फोडी मोजून दोन. समोरच्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची मला या कामामुळे एक खोडच लागली आहे. गप्पांच्या ओघात तिचीही बघितली. पांढरीफटक होती.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात घोळत होतं.

आपल्याकडे, विशेषतः कोल्हापूर-सांगली-सातारा भागात, मटण करायची पद्धत काय आहे ते आठवा. आधी मटणाला हळद, आलं-लसूण लावायचं. थोड्या तेलात कांदा परतून त्यावर मटण टाकायचं, वर ताट झाकून ताटात पाणी ठेवायचं आणि तेच कढत पाणी आत सोडत मटण मऊ शिजवायचं. हे झालं अळणी. मग त्याच रसातून कुणी नारळाच्या दुधाचा पांढरा करतं, कुणी वाटण आणि कांदा-लसूण चटणी घालून तांबडा करतं. म्हणजे तिखट पडण्याआधी बिनतिखटाचा एक थांबा आपल्या स्वयंपाकात पिढ्यान् पिढ्या आहे. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला, लहान पोरांना या थांब्यावर वाटी मिळते. मग सहा महिन्यांच्या पुढचं बाळच या रांगेतून का वगळलं जातं?

बाळासाठी वेगळा स्वयंपाक करायला वेळ नाही, हे कारण मला वस्तीत हमखास ऐकू येतं आणि ते अगदी खरं आहे. सकाळी पाणी भरायचं, भाकऱ्या बडवायच्या, रोजगाराला किंवा शेतावर जायचं, त्यात बाळाची वेगळी चूल कोण पेटवणार? मग पाच रुपयांचा बिस्कीटपुडा हाताशी असतो. म्हणूनच मला सांगायचं आहे ते एवढंच, की वेगळा स्वयंपाक करायची गरजच नाही. घरात जे मटण, जी भाजी शिजते त्यातलंच बाळाचं जेवण निघतं. फक्त ते मीठ-तिखट पडायच्या आधी काढायचं आणि नुसतं पाणी न काढता आतलं मटण आणि भाजी काढायची.

आता ही धडपड कशासाठी, तेही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांची त्यात रक्ततपासणी केली गेली. महाराष्ट्रातली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ५३.८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायचं सोडून तो वाढला! १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्येही निम्म्याहून अधिक, ५४.२ टक्के रक्तक्षयी. याच सर्वेक्षणाने असंही सांगितलं, की सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि चौरस आहार मिळणारी मुलं देशात शंभरात जेमतेम अकरा आहेत.

आकडे वाचून आपण पान उलटतो. पण त्या पांढऱ्याफटक पापणीखाली काय चाललेलं असतं? रक्त कमी असलेलं मूल किरकिर करतं, खात नाही, दमतं, वारंवार आजारी पडतं. याच वयात मेंदूची वाढ सगळ्यात वेगाने होत असते आणि त्या वाढीला लोह लागतं. या दोन वर्षांत जे राहून जातं ते पुढे शाळेत शिकवण्या लावून भरून येत नाही.

बाळ जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. सहा महिन्यांच्या सुमारास ती संपत येते. आईचं दूध उत्तमच, ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं. पण त्यात लोह फार थोडं असतं. म्हणून सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं असतं. आपण उष्टावण करतो ते याचसाठी. चांदीच्या वाटीत खीर भरवून फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवसापासून काय देतो? डाळीचं पाणी, भाताची पेज, पातळसर नाचणीचं सत्त्व. बाळाचं पोट मुठीएवढं. ते पाण्याने भरलं की बाळ गप्प होतं आणि आपल्याला वाटतं जेवलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या आहाराबद्दल नव्याने मार्गदर्शन केलं. मटण-चिकन, मासे, अंडी यांपैकी काही ना काही रोज मिळावं, आणि भाज्या व फळंही रोज मिळावीत, असं त्यात सांगितलं आहे. मटण आणि भाजी दोन्ही का, यालाही कारण आहे. मांसातलं लोह शरीर सहज उचलतं. भाजीतलं आणि धान्यातलं लोह तितक्या सहज उचललं जात नाही. पण दोन्ही एका घासात आले, तर मटणामुळे भाजीतलं आणि भातातलं लोहही जास्त अंगी लागतं. वर लिंबाचे दोन थेंब पिळले तर आणखी चांगलं. चहा मात्र याच्या बरोबर उलटं काम करतो, लोह शरीरात मुरू देत नाही. म्हणजे जावळाच्या दिवशी बाळाला मटण मिळालं नाही ते नाहीच, वर चहा मिळाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे अळणी रसाचं मोठं कौतुक. "सगळा कस रसात उतरतो," असं म्हणतात. चव उतरते, थोडी चरबी उतरते, हे खरं. पण लोह आणि प्रथिनं बहुतेक मांसातच राहतात. बाळाला नुसता रस पाजणं म्हणजे ऊस आपण खाऊन त्याला चिपाड देण्यासारखं आहे. रस दळायला-कालवायला वापरा, पण वाटीत फोड गेली पाहिजे.

दुसरी गंमत शब्दाची. अळणी म्हणजे खरं तर बिनमिठाचं. पण आपल्याकडे अळणी म्हणताना तिखट नाही एवढंच बघितलं जातं, मीठ सर्रास पडतं. बाळाच्या बाबतीत शब्दाचा मूळ अर्थच पाळायचा. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत वरून मीठ नको, साखर-गूळही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात चाटवायचा नाही, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. "बेचव कसं खाईल बिचारं?" असं आपल्याला वाटतं, कारण आपली जीभ मिठाला चटावलेली असते. त्याने मीठ चाखलेलंच नाही, त्याला गाजराची गोडीसुद्धा नवीन असते.

मी हे सगळं शहाणपण पोटातून घेऊन आले, असं कुणी समजू नये. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी मी पुस्तक वाचून बाळाचा स्वयंपाक करणारी आई होते. त्याचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, गाळणी वेगळी. एक भाजी उकडायची, गाळायची, पुन्हा उकळायची. पंधरा दिवस उत्साह टिकला. मग दमले. मग डब्यातली पावडर आणली, ती महाग पडू लागली तशी पातळ करू लागले. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. एका रविवारी त्यांनी मटणाच्या पातेल्यातून दोन फोडी काढल्या, पाट्यावर वाटल्या, मऊ भातात कालवल्या आणि पोराला भरवायला बसल्या. मला म्हणाल्या, "एका घरात दोन सैपाक कशाला गं? ते काय पाहुणा हाय?" मला राग आला होता. वाटलं, या बाईंना काय कळतंय! पोरगं मात्र तोंडाचा आ करून पुढच्या घासाची वाट बघत होतं.

धाकटीच्या वेळी मी पातेलं वेगळं केलं नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पाच माणसं आणि एक बाळ असं घर धरते.

अर्धा किलो मटण. खाटकाला सांगून त्यात मांडीच्या तीन-चार बिनहाडाच्या, जरा मोठ्या फोडी घालून घ्यायच्या. दोन गाजरं, लाल भोपळ्याची एक फाक आणि दुधीचा वीतभर तुकडा. एक मोठा कांदा, चमचाभर आलं-लसूण, हळद. कुकरमध्ये दोन चमचे तेलावर कांदा मऊ करायचा, हळद आणि आलं-लसूण लावलेलं मटण परतायचं, कढत पाणी घालून पाच-सहा शिट्ट्या. जून मटण असेल तर आणखी दोन. वाफ गेली की उघडून भाज्यांच्या मोठ्या फोडी टाकायच्या आणि एक शिट्टी काढायची. भाज्या सुरुवातीलाच टाकल्या तर त्यांचा लगदा होतो. मिठाला अजून हात लावायचा नाही.

हा पहिला थांबा, बाळाचा. बिनहाडाच्या दोन फोडी, भाजीच्या तीन-चार फोडी आणि डावभर रस स्वच्छ वाटीत काढायचा. मटण आधी बोटांनी चुरून बघायचं, एकदा नाही, दोनदा. खाटकाच्या सुऱ्याने हाडाच्या बारीक कपच्या उडतात आणि त्या बिनहाडाच्या फोडीतही लपून बसतात. मग फोड आडवी चिरायची, म्हणजे धागे लांब राहत नाहीत. पाट्यावर, खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये वाटायचं. मऊ भात, भाजी, चमचाभर तूप घालून कालवायचं. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत दाट हवं.

दुसरा थांबा आजी-आजोबांचा आणि दोन-तीन वर्षांपुढच्या पोरांचा. उरलेल्यात मीठ, जराशी मिरपूड घालून दहा मिनिटं उकळायचं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांचं मीठ बेताचं. दातांनी साथ सोडलेल्या आजोबांना हे मऊ मटण आणि भोपळा किती बरा लागतो ते एकदा देऊन बघा. आमच्याकडे मामंजींची आणि नातवंडांची पंगत एकदमच बसायची. दोघांचंही जेवण सांडायचं!

तिसरा थांबा तुमचा-आमचा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण, कांदा-लसूण चटणी, वर कट. "रश्श्यात भोपळा?" म्हणून नाक मुरडू नका. भोपळा आणि दुधी त्यात विरघळून जातात, रस्सा दाट होतो, खोबरं थोडं कमी लागतं. आमच्या घरच्या कर्त्या पुरुषांनी सहा महिने असा रस्सा ओरपला आणि नंतर एकदा विचारलं, "हल्ली खोबरं जास्त घालतेस का गं?"

म्हणजे एक कुकर, एक गॅस, तीन जेवणं.

आणि भाजी-मटण एकत्र ही काही माझी टूम नव्हे. मुसलमान मैत्रिणींकडचा दालचा आठवा. डाळ, दुधी आणि मटण एकत्र शिजलेलं. कोकणात दोडक्यात कोलंबी पडते, सोडे-वांगं-बटाट्याचा रस्सा होतो. मटणात बटाटा तर घरोघरी पडतो. माणसं जास्त आणि मटण कमी असलं की भाजी घालून वाढवायचं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. यातल्या कुठल्याही पातेल्याला हाच नियम लावा. तिखट-मिठाआधी बाळाची वाटी. फक्त बारीक काट्यांचे मासे आणि खारवलेली सुकी मासळी बाळाला नको.

किती द्यायचं? सहा महिने पूर्ण होताच सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीवर यायचं, दिवसातून दोन ते तीन वेळा. वाटी म्हणजे इथे २५० मिलीची मोठी वाटी धरली आहे. नऊ ते अकरा महिन्यांत तेवढंच तीन ते चार वेळा, आणि आता वाटणं सोडून कुस्करायचं, बारीक चिरायचं, म्हणजे बाळ चावायला शिकतं. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, आणि जेवण घरातल्यासारखंच, फक्त मऊ आणि बिनतिखटाचं. प्रत्येक वेळी मटण हवं असं नाही. त्यात चमचा-दोन चमचे मटण पडलं तरी पुष्कळ. सुरुवातीला नवा पदार्थ एकेक करून द्यावा, दोन-तीन दिवस बघावं. अंगावर पुरळ उठलं, उलट्या झाल्या तर थांबून डॉक्टरांना दाखवावं.

भरवायच्या आधी हात साबणाने धुणं, कच्चं मटण चिरलेल्या विळीवर-पाटावर भाजी न चिरणं, मटण पुरतं शिजवणं, ही पथ्यं पाळायचीच. बाळाच्या वाटीतलं उष्टं परत ठेवायचं नाही. आणि बाळाला निजवून किंवा पळता पळता घास भरवायचा नाही. बसवून, समोर बसून भरवायचा.

"मटण उष्ण पडतं", "पचत नाही", "दात आल्याशिवाय कसं?" हे तीन प्रश्न कुठल्याही बैठकीत येतातच. दाताचं काम पाटा-वरवंटा करतो. पचनाचं म्हणाल तर सहा महिन्यांनंतर मऊ शिजवून वाटलेलं मटण बाळ पचवू शकतं. उष्णतेचा प्रश्न मात्र गमतीचा आहे. सहा वर्षांच्या पोराला जे उष्ण पडत नाही, बाळंतिणीला जे मुद्दाम देतात, ते बाळालाच उष्ण कसं पडतं? हे मी आज्यांना वाद घालून विचारत नाही. त्यांच्याच हातात वाटी देते. आजीने भरवलेलं घरात कुणी उष्ण म्हणत नाही, हा माझा अनुभव!

मटणाचे भाव मला माहीत आहेत. रविवारी अर्धा किलो घेतानासुद्धा हात आखडतो. पण या वाटीला वेगळं मटण लागत नाही. जे आलं आहे त्यातल्या दोन फोडी आधी काढायच्या आहेत. आठवड्यात एकदाच मटण होत असेल तर इतर दिवशी तेच काम चिकन करेल, उकडलेलं अंडं कुस्करून करेल. कलेजी स्वस्त पडते आणि लोहाने भरलेली असते. ती बाळाला आठवड्यातून एकदा, एवढीशीच पुरते. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांमधून अमृत आहार योजनेत मुलांना अंडी देण्याची सुरुवात झाली, ती याच विचाराने. मला वाटतं, अंगणवाडीतल्या पाककृतींच्या प्रात्यक्षिकात शिरा-उपम्याच्या जोडीला हे अळणीचं पातेलंही चढलं पाहिजे. ज्या वस्तीत दर रविवारी मटण शिजतं, तिथे बाळाची वाटी कशी काढायची हे सांगायला लाजायचं कशाला?

ज्यांच्या घरी मांसाहार नाही, किंवा श्रावणात, चातुर्मासात, वाराला चालत नाही, त्यांच्यावर माझा काडीचा आग्रह नाही. नियम तोच आहे. फोडणीआधीचं घट्ट वरण काढा, पाणी काढू नका. त्यात भोपळा, गाजर, पालक शिजवा, तूप आणि लिंबू घाला, दही द्या. मटण नसेल तेव्हा लोह कमी पडण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टरांना विचारा. आणि आशाताई लोहाचं पातळ औषध देतात, २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ते आठवड्यातून दोनदा द्यायचं आहे. मटण खाणाऱ्या घरांनीही ते बंद करायचं नाही. बाटली फळीवर धूळ खात ठेवली तर रक्त बाटलीचं वाढेल, बाळाचं नाही.

शेवटचा मुद्दा जरा झोंबणारा आहे. बाळाची वाटी विसरली जाते, ती मटण महाग म्हणून नाही. ती विसरली जाते, कारण आपल्याकडे ताटं एका ठरावीक क्रमाने वाढली जातात. आधी पाहुणे, मग घरातले पुरुष, मग पोरं, मग बायका, आणि पातेल्याच्या तळाशी सूनबाई. चांगल्या फोडी कुठे जातात हे वाढणारीला पक्कं माहीत असतं, कारण तीच वाढते! बाळ आईजवळ असतं, म्हणून आईचा नंबर येईल तेव्हाच बाळाचाही येतो, आणि तोवर पातेल्यात तिखट रस्सा आणि हाडं उरलेली असतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन फोडी आणि भरपूर रस्सा. मग तिच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही पापण्या पांढऱ्या. सर्वेक्षणातले ते ६८.९ आणि ५४.२ हे दोन्ही आकडे एकाच पातेल्यातून वाढले जातात.

म्हणून बाळाची वाटी काढताना आईची वाटीही काढायची. बाळाच्या वाटीत दोन फोडी, आईच्या वाटीत चार, झाकून बाजूला. आणि ती वाटी भरवायचं काम बाबांचं किंवा आजोबांचं. तांबडा फोडणीला पडतो, मुरतो, तोवर वीस मिनिटं त्यांना रिकामीच असतात. पोराला घास भरवला म्हणून कुणाच्या मिशीचा पीळ सुटत नाही.

परवा आमच्या गटाच्या बैठकीत त्याच मैत्रिणीच्या ओट्यावर आम्ही कुकर चढवला. वर्गणीतून अर्धा किलो मटण, भाजी तिच्या परसातली. शिट्टी झाली, झाकण उघडलं, आणि आजीने सवयीने मिठाचा डबा पुढे ओढला. मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "थांब आई, त्येची वाटी ऱ्हायली न्हवं!"

आजीने डबा मागे सरकवला आणि वाटी घेतली. बाळाने पहिला घास तोंडातून बाहेर काढला, दुसरा काढला, तिसरा मात्र गिळला. चौथ्याला त्यानेच चमचा धरला. अर्धा घास नाकावर, अर्धा आजीच्या लुगड्यावर. सगळ्या हसत होत्या. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात तिची वाटी होती, झाकलेली. मी म्हटलं, "बस की, जेव आता." ती म्हणाली, "सगळ्यांचं होऊ दे."

म्हणजे काम अजून बाकी आहे.

मैत्रिणींनो, येत्या रविवारी तुमच्या घरी मटण शिजेल तेव्हा मिठाचा डबा उघडण्याआधी दोन वाट्या ओट्यावर काढून ठेवा. एक बाळाची, एक त्याच्या आईची. आणि ती आई तुम्ही स्वतः असाल, तर कृपा करून सगळ्यांचं व्हायची वाट बघू नका.